गाढ झोपेचे बारा तंबू

तंबू शिवणाऱ्या मास्तरांच्या लेकीला चौदा महिन्यांत सलग एक प्रहरही झोप लागली नव्हती. आईच्या आजारपणात उशाशी जागण्याची जी सवय जडली, ती आई गेल्यावरही तिला सोडून गेली नाही. त्यातून नोकरी अशी, की दिवसभर कानाला यंत्र लावून परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या. घरी आल्यावरही कुठेतरी फोन वाजतो आहे असा भास तिला होई आणि ती अंथरुणात उठून बसे. औषधे झाली, गरम दूध झाले, शेजारपाजारच्यांनी सुचवलेले यच्चयावत उपाय झाले. पण डोळ्याला डोळा लागेना. तिच्या चेहऱ्यावरची उतरती कळा पाहून मास्तर ताटावरून अर्धपोटी उठत. बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

म्हणून त्या रविवारी दुपारी ती कागद-पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि काय काय न्यायचे ते आपण होऊन लिहू लागली, तेव्हा घराची जणू हवाच पालटली. बेत साधा होता. शहरापासून तीन तासांच्या अंतरावर, रानाच्या कडेला, दोन रात्री राहायचे. तिथे वीज नाही, फोन नाही. तरीही गादीचा पलंग, पायाखाली गालिचा आणि उशाशी तेलाचा दिवा. याला ग्लॅम्पिंग म्हणतात, असे जावयाने समजावून सांगितले. रानात जाऊन पलंगावरच निजायचे तर घरच्या पलंगाने काय घोडे मारले आहे, असे मास्तरांनी विचारले. घरच्या पलंगावर सासरे घोरतात ते भिंतीपलीकडून ऐकू येते, असे जावई म्हणाला. आणि नात, जिला सारे चिमणी म्हणत, ती पोट धरधरून हसली. लेकही हसली. ते हसू मास्तरांनी हलकेच मनात घडी घालून ठेवले.

आमंत्रण मास्तरांच्याच हातच्या कामाचे फळ होते. चाळीस वर्षे ते तंबू शिवत आले होते. त्यांच्या शिवणीतून पाण्याचा थेंब आत येत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो सार्थ होता. गेल्या उन्हाळ्यात त्या छावणीचे मालक आपले बारा तंबू घेऊन त्यांच्या कारखान्यात आले. प्रत्येक तंबूला माथ्याजवळ दोन आणि पायथ्याशी दोन असे जाळीचे झरोके होते. त्यांतून धूळ येते, किडे येतात, पहाटेचा उजेड पाहुण्यांच्या डोळ्यांवर पडतो. तेव्हा ते कायमचे बुजवून द्या, आणि तिथे काही होते हे कोणाला कळता कामा नये, असे मालकांचे मागणे होते.

कारखान्यात कापड बेतणारा जो जुना सोबती होता, त्याला घरीदारी सगळे कातरकाका म्हणत. जीभही त्याची कातरीसारखीच होती. त्याने सुचवले, की पोत्याचे तोंड शिवतात तसा साखळी टाका घालू. ऋतू पालटला की एक टोक ओढले, की सर्रकन सारे उसवेल. मास्तरांना ते लागले.

"पोती शिवायला बसलोय का मी?" ते म्हणाले होते.

त्यांनी त्याच विणीचे, त्याच रंगाचे कापड मिळवले. मेण चोळलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. सुईच्या एकेका भोकात मेण असे जिरवले, की छिद्र म्हणून काही उरलेच नाही. महिनाभर ते काम चालले. पुढे कितीही निरखले, तरी झरोका कुठे होता हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना. मालकांनी त्यांचे हात हातात घेतले आणि हिवाळ्यात घरच्यांना दोन रात्री पाहुणे म्हणून धाडा, असा आग्रह धरला. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कातरकाका म्हणाला होता, "मास्तर, पुढच्या खेपेला हा माणूस दारं शिवून घ्यायला येतोय बघा."

त्या विनोदाला तेव्हा दोघेही हसले होते.

टेबलाशी बसून लेकीने छावणीचे पत्र वाचून दाखवले. फाटकापाशी एक लाकडी पेटी आहे. तिच्यात सर्वांनी फोन ठेवायचे. दूधवाल्याची गाडी सकाळी एकदा येते, तेवढाच जगाशी संबंध. यंदा थंडी पडल्यापासून एक नवी सोय झाली आहे: रानातल्याच लाकडाच्या कोळशाने भरलेली शेगडी दिवस मावळताना पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवली जाते. सेवक तंबूचे दार बाहेरून नीट आवळून घेतात, म्हणजे ऊब टिकते. पाहुणे आपण होऊन उठेपर्यंत त्यांना कोणीही हाक मारत नाही, मग दुपार का होईना. हे शेवटचे वाक्य लेकीने दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी तिचा आवाज ओला झाला होता.

पत्रासोबत एक छायाचित्र होते. मास्तरांनी चष्मा पुसून ते उजेडात धरले. मावळतीच्या प्रकाशात एक तंबू आतून केशरी झालेला दिसत होता, दिव्याभोवती ओंजळ धरावी तसा. माथ्याजवळ त्यांनी आपली शिवण शोधली. ती सापडली नाही. त्यांना धन्य वाटले.

पुढचे चार दिवस घरात तयारीखेरीज दुसरा विषय नव्हता. लोकरीचे मोजे बाहेर निघाले. चिमणीसाठी मास्तरांनी उरलेल्या कापडाची एक पाठपिशवी शिवली आणि तिला आत चोरकप्पा केला. लेक संध्याकाळी फोनवर बघून, तिथे राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचून दाखवी. एका बाईंनी लिहिले होते, की अशी गाढ झोप जन्मात लागली नव्हती. अकरा वाजता जाग आली, डोके जड होते, पण मन शांत होते. दुसऱ्या एका जोडप्याला सकाळी मळमळले. शहरातल्या माणसाला शुद्ध हवा एकदम सोसत नाही, असे मालकांनी त्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले. तिसऱ्या कुटुंबाने आपली कुत्री सोबत नेली होती. ती पायथ्याशी, शेगडीजवळ निजली, ती सकाळी उठली नाही. वय झाले होते तिचे, असे त्यांनी लिहिले होते. इतक्या सुंदर जागी सुखाचे मरण आले, याबद्दल त्यांनी छावणीचे आभारही मानले होते.

"बिचारी," लेक म्हणाली, आणि पुढचा अभिप्राय वाचू लागली.

मास्तरांच्या मनात त्या क्षणी काहीतरी हलले. बंद खोलीत उंदीर सरकावा आणि आपण कान टवकारताच गप्प व्हावा, तसे. त्यांनी कान दिला. पण समोर लेकीचे मोजे मोजणे चालले होते, चिमणी पिशवी पाठीला लावून घरभर रान तुडवत होती. तो आवाज पुन्हा आला नाही.

खरे तर तो त्यांना सर्वांत आधी ऐकू यायला हवा होता. त्यांच्या कारखान्यात दोऱ्यासाठी मेण वितळवायची एक लहानशी कोळशाची शेगडी होती, आणि तिच्याविषयी त्यांच्या गुरूंनी घालून दिलेला एक नियम होता: निखारा जिवंत आहे तोवर दार मिटायचे नाही. त्यासाठी उंबरठ्यावर एक वीट ठेवलेली असे. बाहेर बोचरे वारे सुटो, हात गारठून सुई निसटो, ती वीट हलत नसे. गुरू गेल्याला तीस वर्षे झाली. वीट तिथेच होती. तिच्याकडे पाहण्याचेही आता कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि अनर्थाचे मूळ बहुधा तिथेच असावे. जो नियम हाताला वळण म्हणून लागतो, तो बुद्धीच्या पहाऱ्यातून निसटतो. चाळीस वर्षे पायाने वीट सरकवणाऱ्या मास्तरांनी, लेकीचे पत्र ऐकताना, तो नियम आपल्या उंबरठ्यापुरताच जाणला.

शुक्रवारी सकाळी आठाला तिघे निघाले. आभाळ भरून आले होते आणि हवेत गारठा होता. लेकीने खिडकीची काच खाली करून वडिलांना सांगितले, की जेवण फडताळात झाकून ठेवले आहे, आणि रविवारपर्यंत काळजी करायची नाही, कारण केली तरी ती कळवायला फोन नसेल. मास्तर म्हणाले, "तू फक्त झोप."

हे शब्द पुढे त्यांना फार जड गेले.

साडेदहाच्या सुमारास छावणीचा टेम्पो कारखान्याच्या दाराशी थांबला. बारांपैकी एक तंबू दुरुस्तीला आला होता; निखारा उडून त्याच्या तळाला रुपयाएवढे भोक पडले होते. टेम्पोवाल्याला घाई होती. तंबू उतरवून, घोटभर चहा घेऊन तो दुसऱ्या भाड्याला गेला. मास्तरांनी आणि कातरकाकाने तंबू मोठ्या टेबलावर उलटा पसरला, आतली बाजू वर करून. भोक किरकोळ होते. पण मास्तरांची जुनी रीत होती, की हाताखालून गेलेले काम परत आले, तर आधी आपली शिवण तपासायची, मग दुसऱ्याची तक्रार. ते माथ्याकडे सरकले.

कापडाच्या आतल्या अंगावर फिकट करडी झाक चढली होती. तंबू नवा शिवला तेव्हाच्या, परक्या हातच्या मूळ शिवणींवर, दाराच्या कडेने आणि कण्याच्या रेषेने, सुईच्या प्रत्येक भोकाशी एकेक काळा ठिपका होता. मुंग्यांची रांग चालली आहे असे वाटावे. धुराने तिथून वाट काढली होती. जिथे दोऱ्याएवढी फट मिळाली, तिथून तो बाहेर पडला होता आणि जाताना खूण ठेवून गेला होता.

मास्तरांनी झरोक्यांची जागा बोटांनी चाचपून शोधली. चारही ठिकाणी ठिगळाचे कापड करडे होते; शिवणीवर मात्र ठिपका नव्हता. एकही नाही. त्यांनी भिंग आणून पाहिले. एकेका टाक्यापाशी थांबले. मेण अजून चमकत होते.

चाळीस वर्षांत इतके निर्दोष काम त्यांच्या हातून झाले नव्हते.

कातरकाका बाजूला उभा राहून पाहत होता. त्याची नजर टेबलावरून मेणाच्या शेगडीकडे गेली, तिथून उंबरठ्यावरच्या विटेकडे, आणि मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे. 

लेकीचा फोन बंद होता. जावयाचाही. छावणीच्या शहरातल्या कचेरीत एक कारकून होता. त्याने सौम्य आवाजात सांगितले, की तिकडे निरोप पोचवायचा तर उद्या सकाळच्या दूधगाडीनेच पोचेल, आणि लोक खास यासाठीच तर तिथे जातात. मास्तरांनी शेगडीचे नाव काढले. कारकून म्हणाला, अहो, त्या शेगडीचीच तर सगळे तारीफ करतात.

कातरकाकाने शेजारच्या सुताराची गाडी मागून आणली. उसवायची सुरी आणि मोठी कातर एवढेच दोघांनी घेतले. निखारे दिवस मावळताना आणतात, असे पत्रात होते. आता अकरा वाजत होते. पोचायला तीन तास. वेळ पुरेसा होता. मास्तर हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. शहर संपले, शेते संपली, रस्ता अरुंद झाला. एका ओढ्यावरची फरशी खचली होती, म्हणून दूरचा वळसा पडला आणि त्यात दीड तास गेला. कातरकाका, ज्याला एरवी गप्प बसवण्यासाठी चहा पाजावा लागे, तो वाटभरात एकदाच बोलला. म्हणाला, की गारठा फार आहे आज. मग स्वतःच्या बोलण्यानेच दचकल्यासारखा काच वर करू लागला, आणि अर्ध्यावर थांबला.

चार वाजता ते फाटकाशी आले. छावणी अगदी छायाचित्रातल्यासारखी होती. उंच झाडांखाली अकरा तंबू एकमेकांपासून अंतर राखून उभे होते. कुठे पक्ष्याचा आवाज नव्हता. सेवक पायात कापडी जोडे घालून चालत होते, पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून. त्यांपैकी दोघांच्या हातांत लांब दांड्याचे चिमटे होते आणि टोपल्यात कोळसा होता.

चिमणी ओढ्याकाठच्या वाटेने वडिलांचा हात धरून येताना दिसली आणि मास्तरांच्या पायांत बळ आले. पण तिघांऐवजी ती दोघेच होती. जावयाला सासऱ्यांना पाहून आश्चर्य वाटले. त्याने आनंदाने आणि दबक्या आवाजात सांगितले, की ती निजली आहे, आबा, खरोखर निजली आहे. प्रवासात गारठली होती, म्हणून मालकांनी दीड वाजताच शेगडी आणून दिली. ती आडवी झाली ती झालीच. मघाशी दाराबाहेरून ऐकले, हूं की चूं नाही. म्हणून मुलीला घेऊन दूर आलो.

मालक समोरून येत होते. त्यांनी मास्तरांना ओळखले आणि दोन्ही हात जोडले. मास्तरांनी त्यांना काय सांगितले, ते त्यांना स्वतःलाही नंतर आठवले नाही. मालक शांतपणे म्हणाले, की महिना झाला शेगड्या सुरू आहेत, आजवर एकाही पाहुण्याची तक्रार नाही.

"तक्रार करायला उठावं लागतं, साहेब," कातरकाका म्हणाला, आणि त्यांना बाजूला सारून चालू लागला.

लेक निजली होती त्या सातव्या तंबूचे दार बाहेरून आवळलेले होते. चामडी वादीचे बारा बंद, प्रत्येकाला दुहेरी गाठ. मास्तरांनी हाक मारली. पुन्हा मारली. आत केशरी उजेड स्थिर होता. गाठी सोडायला वेळ लागला असता, म्हणून त्यांनी उसवायची सुरी काढली आणि गुडघ्यांवर बसून पायथ्याच्या झरोक्याची शिवण शोधू लागले.  शिवण सापडत नव्हती. सापडली, तेव्हा सुरीचे टोक टाक्याखाली शिरेना. एक टाका तुटला. त्यामागे दुसरा उभा होता. मेणाने दोरा दगड झाला होता. मास्तर तिसऱ्या टाक्याशी झगडत होते, आणि सबंध तंबूभर चोहीकडे अखंड, मऊ, सहज फाटणारे कापड होते. पण ते त्यांना दिसत नव्हते. जन्मभर त्यांनी तंबू उघडला तो शिवणीतून. अखंड कापडाला शस्त्र लावायचे नाही, हा त्यांच्या हाताचा धर्म होता, आणि तो हात या घटकेलाही धर्म सोडायला तयार नव्हता.

"मास्तर, व्हा बाजूला," कातरकाका म्हणाला.

त्याने कातर छातीइतक्या उंचीवर कापडात खुपसली आणि सरळ जमिनीपर्यंत ओढली. आतून ऊन, जड, बिनवासाची हवा दोघांच्या तोंडावर आली. कातरकाकाने श्वास रोखला, आत शिरला आणि पलंगावरून तिला गादीसकट ओढत बाहेर आणले.

तिचे गाल गुलाबी होते. चौदा महिन्यांत मास्तरांनी तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता. त्यांनी तिचे डोके मांडीवर घेतले, गालांवर थापट्या मारल्या, नावाने हाका मारल्या, तिच्या लहानपणच्या नावानेही मारल्या. जावई तिचे तळहात चोळत होता. चिमणी पाठपिशवीचे पट्टे दोन्ही मुठींत धरून उभी होती. कितीतरी वेळाने लेकीच्या छातीत एक लांब, ओढलेला श्वास गेला. मग खोकल्याची उबळ आली. मग ती कुशीवर वळून ओकली. डोळे उघडले तेव्हा ते कुठेच पाहत नव्हते. हळूहळू ते वडिलांवर येऊन ठरले आणि त्यांत पाणी आले.

"का उठवलंत, आबा?" ती म्हणाली. "किती दिवसांनी लागली होती."

 मास्तर तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिला वाऱ्याच्या तोंडाशी बसवून, डोके वर धरून ठेवायला त्यांनी जावयाला सांगितले. मोठ्या इस्पितळात न्यायला हवे, गाडी फाटकाशी उभी आहे, असेही सांगितले. मग त्यांचे लक्ष भोवती गेले. सेवक हातांतली टोपली घेऊन जागच्या जागी उभे होते. मालकांचा चेहरा कागदासारखा झाला होता. दहा तंबू झाडांखाली निमूट उभे होते, आणि त्यांतल्या नवव्याच्या भिंतीला आतून मंद केशरी रंग होता.

त्यात कोण आहे, असे मास्तरांनी विचारले.

एका सेवकाने मालकांकडे पाहिले, मग मास्तरांकडे. नवरा-बायको आणि म्हातारी आई, असे तो म्हणाला. काल संध्याकाळी शेगडी ठेवली. आज दुपारी ऊब कमी होऊ नये म्हणून बाहेरूनच, दार किलकिले करून, निखारे बदलले. अजून उठले नाहीत. "उठवायचं नाही असा नियम आहे ना," तो पुटपुटला.

मास्तर उठले. उसवायची सुरी गवतात पडली होती. ती त्यांनी तिथेच राहू दिली. कातरकाकापुढे त्यांनी हात केला, आणि काही न विचारता त्याने कातर त्यांच्या हातात ठेवली. झाडांखालून, कापडी जोड्यांच्या वाटेने, मास्तर नवव्या तंबूकडे चालत गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी हाक मारली नाही, आणि या वेळी शिवणही शोधली नाही.